चाळीस तासांचा लेप

नागोया, ४ ऑक्टोबर २०१८

अश्लेषा,

वर ‘प्रिय’ नाही, ते विसरले म्हणून नाही. पत्र रजिस्टर्ड पाठवतेय, म्हणजे मिळालंच नाही असं तुला म्हणता येणार नाही. सात वर्षांत तुला सहा मेल केल्या, एकीचंही उत्तर आलं नाही. कागद निदान फाडायचे कष्ट तरी तुला पडतील.

बातमी अशी, की पुढच्या महिन्यात मी कार्ताहेनाला जातेय. विवेक म्हणाला, "एवढ्या लांब एक पाटी बघायला?" विवेक म्हणजे माझा नवरा. तू त्याला ओळखत नाहीस, कारण लग्नाला तुला बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, हो, पाटीच बघायला.

कॅरिबियन समुद्रावरचं, तटबंदीच्या आतलं ते जुनं स्पॅनिश शहर. त्याचं नाव तू पहिल्यांदा ऐकलंस ते माझ्या तोंडून. तिथल्या भिंती पोवळ्याच्या दगडाच्या आहेत आणि खारी हवा त्यांना खातेय, हे मी तुला आपल्या स्वयंपाकघरात भात लावता लावता सांगितलं होतं. आता तिथल्या एका जुन्या मठाच्या समुद्राकडच्या भिंतीवर पितळी पाटी आहे. तिचा फोटो मी मासिकात, तुझ्या लेखासोबत पाहिला. ‘या दगडाचं संरक्षण डॉ. अश्लेषा बापट, जपान यांच्या पद्धतीने, २०१२.’ त्या एका पाटीवर तू ओसाकाची नोकरी मिळवलीस.

पद्धत माझी आहे. दगडाला लावायचा तो लेप माझा आहे. मी तो बरणीत ढवळत असताना तूच त्याला ‘विभाची कढी’ म्हणायचीस.

तुझ्या सोयीसाठी सगळं क्रमाने लिहिते. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला, तेव्हा आपण दोघी एदोगावात एकाच घरात राहत होतो आणि मोरिता सेन्सेईंच्या एकाच लॅबमध्ये पोस्टडॉक होतो. फुकुशिमाच्या बातम्या सुरू झाल्या. आजूबाजूची आपली मंडळी बॅगा भरायला लागली. अलिबागहून आई फोनवर नुसती रडत होती. तेव्हाचा नियम असा होता, की परदेशी माणसाने जपान सोडण्याआधी परत येण्याची परवानगी घ्यायची, तिचा स्टिकर पासपोर्टवर लावून मिळायचा. ती न घेता गेलं, की व्हिसा तिथेच संपला. हा नियम तुला माहीत होता, कारण तू दोनदा पुण्याला जाऊन आली होतीस. मी चौदा महिन्यांत एकदाही घरी गेले नव्हते.

१६ तारखेला शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसबाहेर रांग पार पुलापर्यंत गेली होती. त्याच दिवशी लॅबमध्ये वीज जाणार होती आणि माझे लेप लावलेले दगड चाचणीच्या चेंबरमध्ये होते. तू म्हणालीस, "तू चेंबर सांभाळ गं, मी दोघींचे नंबर घेऊन ठेवते. जवळ आला की फोन करते, ट्रेन पकडून ये." मी दिवसभर फोन खिशात घेऊन दगड हलवत राहिले. संध्याकाळी तू आलीस ती तुझ्या पासपोर्टवर स्टिकर घेऊन. "काउंटर बंद झाला अगं," म्हणालीस, "पण तुला लागत नाही. रिटर्न तिकीट असलं की चालतं. मी विचारलं ना त्यांना."

निघताना नारिता विमानतळावर इमिग्रेशनच्या ऑफिसरने मला दोनदा काहीतरी विचारलं. मी आपली "हाइ, हाइ" करत मान डोलावली. जपानी कळलं नाही की आपण सगळेच डोलावतो तशी. त्याने माझं परदेशी नोंदणीचं कार्ड काढून घेतलं. मला वाटलं, अशीच रीत असेल.

३१ मार्चला माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. नव्यावर सही करायला मी जपानात हवी होते आणि मी अलिबागला बिनव्हिशाची बसले होते. सेन्सेईंनी दोन महिने वाट पाहिली, मग काम तुझ्याकडे दिलं. विवेकशी लग्न करून मी नागोयाला आले, तोवर दोन वर्षं गेली होती. आता मी फरशा बनवणाऱ्या कंपनीत आहे. बाथरूमच्या फरशांवर डाग पडतात का ते बघते.

मला माझं नाव परत हवंय. आणि खोटं कशाला बोलू, तुझी फजिती झालेली बघायचीय. जाऊन आल्यावर लिहीन.

विभा


कार्ताहेना, १३ नोव्हेंबर २०१८

अश्लेषा,

नारिता, मेक्सिको, बोगोटा, अशी तीन विमानं करून पोचले. नारिताला आता परवानगीसाठी रांग लावावी लागत नाही, फॉर्मवरच्या चौकटीत एक टिक केली की झालं. मी टिक केली आणि ती बरोबर चौकटीत पडलीय का ते तीनदा पाहिलं. मागचा माणूस वैतागला. त्याच्या प्रत्येक सुस्काऱ्याला मनातल्या मनात तुझं नाव घेतलं.

शहर सुंदर आहे, हे तू तुझ्या लेखात लिहिलंयस. पण तू बघितलंस की नुसतंच लिहिलंस कोण जाणे. हळदीसारख्या पिवळ्या आणि नीळ घातल्यासारख्या भिंती, वर लाकडी सज्जे, सज्ज्यांतून लोंबणारी बोगनवेल. मला पावलोपावली रेवदंडा आठवत होतं. आमच्याकडे पोर्तुगीज पडके अवशेष सोडून गेले, इथे स्पॅनिशांचं सगळं राहतं घर आहे. तटावर तोफा आहेत आणि तोफांवर चढून लोक फोटो काढतात. चौकाजवळच्या कमानींखाली बायका मिठाया विकतात. त्यात आपल्यासारख्या खोबऱ्याच्या वड्या होत्या आणि साखरेत घोळवलेल्या चिंचेच्या गोळ्यासुद्धा. मी चार गोळ्या खाल्ल्या. भिंत बघायच्या आधी तोंडाला चव हवी होती.

एका म्हाताऱ्या गाइडने सांगितलं, त्याच चौकात आफ्रिकेतून आणलेली माणसं विकायचे. हा अख्खा तट त्यांनीच बांधला आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. मी त्याला म्हटलं, पाट्या नेहमी दुसऱ्यांच्याच लागतात. माझं दुःख त्यांच्यापुढे काहीच नाही, हे मला कळतं. तरी मी तुझाच विचार करत होते.

मग मठाच्या मागे गेले. पाटी सापडली. घासूनपुसून चकचकीत ठेवलीय. आणि तिच्याखालची तुझी भिंत सोलून निघालीय.

हो, परत वाच. सोलून निघालीय. जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत दगडाचं तोंड फुगलंय आणि भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून पडतंय. बोटाने टोकरलं तर तळहाताएवढी खपली हातात आली, तिच्या मागे पांढरं मीठ. शेजारच्या भिंतीला कोणी हात लावला नव्हता. ती जुनी, काळवंडलेली, खडबडीत, पण धड आहे. तू वाचवलीस तेवढीच भिंत मेलीय.

मी तिथे एकटीच मोठ्याने हसले. एक फळवाली डोक्यावर टोपली घेऊन चालली होती, झालरींचा रंगीत घागरा घातलेली, ती थांबून बघायला लागली. सात वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. चोरलंस खरं, पण तुला नीट ढवळताही आलं नाही. प्रमाण चुकवलंस, नाहीतर घाई केलीस. घाई तुझी जुनी खोड आहे, डाळसुद्धा तू कधी शिजू दिली नाहीस.

एक्केचाळीस फोटो काढलेत, त्यातले तीन सोबत ठेवतेय. इथलं टपाल कधी पोचेल सांगता येत नाही, म्हणून पाकीट नागोयाहूनच टाकीन. इथे डागडुजीचं काम बघणारी एक इंजिनिअर आहे, तिला परवा गाठते. तू काय काय घोटाळा केलास ते मला लेखी हवंय.

विभा


कार्ताहेना, १५ नोव्हेंबर २०१८

अश्लेषा,

आज भिंतीबद्दल लिहायचं नाहीये.

सकाळी रस्त्यात पाणी आलं. पावसाचा थेंब नव्हता, आभाळ कोरडं ठणठणीत होतं, आणि गटाराच्या जाळीतून पाणी वर येत होतं. हॉटेलवाला म्हणाला, या दिवसांत भरती मोठी असली की समुद्र असाच खालून येतो. लोक चपला हातात घेऊन चालत होते. घोडागाडीचा घोडा घोटाभर पाण्यात उभा होता. मी बोट बुडवून चाटून बघितलं. खारट होतं.

आज तटावर चक्कर मारली. इग्वाना नावाचा मोठा सरडा पाहिला. ऊन मरणाचं आहे. आंब्याच्या कच्च्या फोडी मीठ लावून विकतात, त्या खाल्ल्या.

दोन तास झाले एवढं लिहून. आता लिहितेच.

इंजिनिअरचं नाव योलांदा. साठीची बाई आहे. इंग्रजी बरं बोलते. मी जपानहून आलेली पर्यटक, फरशांच्या कंपनीत असते, एवढंच तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या त्या डॉक्टरबाई फार काटेकोर होत्या हो. एक थेंब इकडचा तिकडे नाही." आणि तिने कपाटातून कामाची नोंदवही काढली.

मी घोटाळा शोधायला बसले. पानामागून पान बघितलं. प्रमाण सातास दोन, बरोबर होतं. ब्रश रुंद, केस मऊ, हात एकाच दिशेने, तेही बरोबर. तीन हात द्यायचे. आणि दोन हातांच्या मध्ये चाळीस तास.

अश्लेषा, चाळीस तासांना काहीही अर्थ नाही. तीस चालले असते, पन्नासही चालले असते. मी पहिला हात सोमवारी संध्याकाळी पाचला द्यायचे आणि मंगळवारी दिवसभर सेन्सेईंचा सेमिनार असल्यामुळे दुसरा बुधवारी सकाळी नऊला. मोजून बघ. तू माझा मंगळवारसुद्धा तसाच्या तसा उचलून अर्ध्या जगापलीकडे नेलास. तुझ्या इथे सेमिनार नव्हता, काही नव्हतं, आणि तरी गवंडी चाळीस तास थांबून राहिले होते.

म्हणजे तू काही चुकवलं नाहीस. तो लेप माझाच होता, अगदी माझा. आणि भिंत त्यानेच मारली.

का मारली, ते मला सकाळीच रस्त्यात कळलं होतं, मी ते स्वतःला कळू दिलं नाही. आपल्या चेंबरमध्ये मी दगडावर वरून पाणी मारायचे, पावसासारखं. लेप वरचं पाणी आत येऊ देत नव्हता आणि मी टाळ्या वाजवत होते. इथे पाणी खालून येतं, मीठ घेऊन. ते दगडातून वर चढतं, बाहेर पडायला बघतं, आणि बाहेर माझा लेप दार लावून बसलेला. मीठ आतच साचतं, फुगतं आणि दगडाचं तोंड फोडून निघतं. एकदाही मी दगड खाऱ्या पाण्याच्या परातीत ठेवून पाहिला नाही. मी, अलिबागची मुलगी. आमच्या घराच्या जोत्याजवळचा गिलावा दर वर्षी मिठाने फुगून पडायचा आणि बाबा दर वर्षी गवंड्याला शिव्या घालायचे.

योलांदा म्हणाली, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?" मी म्हटलं, ऊन लागलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. १३ तारखेचंच पाठवीन.

विभा


नागोया, २ डिसेंबर २०१८

अश्लेषा,

काल तू फोन केलास. सात वर्षांनी तुझा आवाज ऐकला. थोडा जाड झालाय. विवेकने फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत निघून गेला. शहाणा माणूस आहे.

आपण काय बोललो ते लिहून ठेवतेय, म्हणजे पुढे तुला वेगळं आठवायला नको.

तू म्हणालीस, "विभा, प्लीज. हे फोटो कुणाला पाठवू नकोस. जानेवारीत माझी प्रोफेसरशिपची कमिटी आहे. इथे एकदा नाव गेलं की संपलं, तुला माहितीये."

मी म्हटलं, "माहितीये. माझं गेलं होतं."

 मग म्हणालीस, "आणि तसं बघितलं तर लेप तुझाच आहे. मी काहीच बदललं नाही. तू जर हे बाहेर काढलंस तर मला सांगावं लागेल, की मूळ पद्धत विभा म्हात्रेची होती."

सात वर्षं मला तुझ्या तोंडून जे वाक्य हवं होतं, ते तू धमकी म्हणून दिलंस. पाटी चकचकीत होती तोवर पद्धत तुझी होती. भिंत सोलली तशी ती माझी झाली.

मी शिनागावाचं विचारलं. तू म्हणालीस, "अगं, तेव्हा फोन लागत नव्हते." मी म्हटलं, त्या दिवशी बाबांचे अलिबागहून चार फोन आले, चारही लागले. तेव्हा तू रडायला लागलीस. "माझा नंबर आला तेव्हा फोन हातात होता," म्हणालीस. "तुझा नंबर माझ्यानंतर दोनच होता. मला वाटलं, ही नाही आली तर सेन्सेई एप्रिलपासून मला ठेवतील. एकच जागा होती ना. नुसतं मनात आलं विभा, आणि तेवढ्यात तुझा नंबर पुढे गेला."

तू रडलीस आणि मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. पोटात सात वर्षं जे तापत होतं त्यावर कोणीतरी गार पाणी ओतलं. फोन ठेवल्यावर ते पुन्हा तापलं. आणि या वेळी मला भीतीही वाटली, कारण तू बोललीस त्यात एक गोष्ट खरी होती. सेन्सेईंना मी लेपाची संपूर्ण कृती मेल केली ती ९ मार्च २०११ ला, भूकंपाच्या दोन दिवस आधी. सेन्सेई गेले, पण मेल माझ्याकडे आहे. पद्धत माझी होती याचा तोच एक पुरावा. आणि भिंत कुणी मारली याचाही तोच.

रात्रभर मी तुझ्यासारखा विचार केला. गप्प बसावं. तुझं नाव पाटीवर आहे, भिंत पडेल तेव्हा ती तुझ्या नावावर पडेल. मी फोटो फक्त दाखवायचे आणि घाबरवत राहायचं. तू रोज टपालपेटी उघडताना दचकशील, हे मला फार गोड वाटलं. आरामात दहा वर्षं पुरलं असतं.

विवेक म्हणाला, "आणि ती बाकीची भिंत?" तुझ्या लेखाच्या शेवटी होतं ना, की पुढच्या टप्प्यात तटाचा दोनशे मीटरचा भाग याच पद्धतीने करायचा आहे. मी त्याच्यावर खेकसले. मला आधी अश्लेषाचा हिशेब चुकता करायचाय, भिंतीचं नंतर, असं म्हटलं. तो भांडी घासायला लागला.

विभा


नागोया, ९ डिसेंबर २०१८

अश्लेषा,

हे शेवटचं. सोबत १५ नोव्हेंबरचं पत्र आहे, तेव्हा पाठवलं नव्हतं. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? मग पुढे.

बुधवारी मी कार्ताहेनाला योलांदाच्या कचेरीत मेलने एक निवेदन पाठवलं. इंग्रजीत लिहिलं आणि कंपनीतल्या एका बाईकडून स्पॅनिश करून घेतलं. त्यात तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. मी लिहिलंय: त्या भिंतीवरचा लेप मी, विभा म्हात्रे हिने तयार केला. ९ मार्च २०११ ची मेल सोबत जोडली आहे. चाचणी घेताना पाणी फक्त वरून दिलं, खालून दिलं नाही, ही चूक माझी आहे. ज्यांनी तो लावला त्यांनी माझी कृती तंतोतंत पाळली, त्यात स्वतःची कसलीही भर घातली नाही. तटाच्या कुठल्याही भागावर हा लेप लावू नये. जिथे लागला आहे तिथून तो कसा काढायचा, ते खाली देत आहे. त्यासाठी मार्चमध्ये मी स्वतः येईन.

‘स्वतःची कसलीही भर घातली नाही’ हे वाक्य मी चार वेळा लिहून बसवलं. दगडाच्या बाबतीत ते तुला निर्दोष सोडतं. तुझी कमिटी ते वेगळं वाचेल.

निवेदनाची एक प्रत त्या मासिकाला गेलीय आणि एक तुझ्या कमिटीच्या अध्यक्षांना. मी कुणाला ‘चोर’ म्हटलं नाही. शिनागावाचं एक अक्षर लिहिलं नाही. ते तुझं तुझ्यापाशी राहू दे, मला त्याची आता गरज नाही.

यात माझंही नाक कापलं जाणार, हे मला ठाऊक आहे. सोमवारी आमच्या बॉसना सांगितलं. ते म्हणाले, "म्हात्रे-सान, हे सांगायची तुम्हाला काही गरज नव्हती." मी म्हटलं, होती. आता मासिकात माझं नाव पहिल्यांदा छापून येईल ते एका मेलेल्या भिंतीखाली. आईला दाखवता येणार नाही. बाबा असते तर म्हणाले असते, गवंड्याच्या आधी तूच शिव्या खा.

तू म्हणशील, विभाने मोठेपणा दाखवला. ओसाकात दोन-चार लोक तसं म्हणतीलही, आणि तुला ते गिळावं लागेल. पण तुला तरी खरं सांगते. निवेदन लिहिताना तटाच्या दोनशे मीटरचा विचार होता, नाही असं नाही. पण सही करताना डोळ्यांसमोर तूच होतीस.

योलांदाचं उत्तर आज सकाळी आलं. ती म्हणते, पाटी पुढच्या आठवड्यात उतरवतील. दुरुस्तीच्या फलकावर चूक कुणाची तेही लिहायचा त्यांच्याकडे नियम आहे, तर तुमचं नाव कसं लिहायचं ते कळवा. मी कळवलं. अक्षर न् अक्षर सुटं करून, मोठ्या लिपीत.

म्हणजे त्या भिंतीवर आता तुझं काही राहिलं नाही, अश्लेषा. श्रेय तर नाहीच. दोषही मी तुला ठेवला नाही.

विभा म्हात्रे